कोमलच्या ओव्हनात अडकलेला मी

मी एक ट्रे बोलतोय. कपकेकचा, सहा खळग्यांचा. ओळख सांगताना थोडी लाज वाटते, पण लपवण्यात काय अर्थ आहे? मी ओव्हनमध्ये अडकलोय. ठेवलेला नाही, अडकलेला. मला पुढे सरकता येत नाही आणि मागेही नाही. समोरच्या काचेच्या दारातून दिसतं तेवढंच माझं जग.

पूर्वी मी असा नव्हतो. देहूरोडच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाबाहेर दोरीला टांगलेला असायचो. वारा आला की झाऱ्यांना आणि गाळण्यांना धडकायचो, येणारी-जाणारी माणसं बघायचो. तिथून मला अमृतने घेतलं.

अमृत डेपोत फिटर आहे. तिथल्या कामात त्याला सुतभर फरक चालत नाही म्हणे. घरी मात्र त्याने ओव्हनचं माप वितीने घेतलं, आणि तेही बाहेरून. कान्हे स्टेशनजवळच्या त्याच्या घरी मी पोचलो, तेव्हा लेकीच्या, तेजलच्या, वाढदिवसाची गडबड चालली होती. त्याची बायको कोमल पीठ फेटून तयार होती. तिने मला आत सारलं आणि मी दारातच थटलो.

"अहो, हा जात नाहीये."

"जाईल गं. सरक तू बाजूला."

अमृतने मला तिरका केला, एक कोपरा आत घातला आणि तळहाताने दोन दणके दिले. मी करकरत आत गेलो. "बसला!" असं म्हणून त्याने हात झटकले.

बसलो तो बसलोच. आतल्या उष्णतेने मी आणखी घट्ट झालो. मला ओढायला गेले तर माझ्याबरोबर ओव्हनच ओट्यावरून पुढे यायला लागला. तेजल हसून लोळायला लागली. अमृत पक्कड आणायला निघाला तेव्हा कोमलने त्याला थांबवलं. "राहू द्या. ओव्हन माझ्या माहेरचा आहे, त्याचं वाटोळं करू नका."

मग तिनेच मार्ग काढला. कागदी वाट्या एकेक करून माझ्या खळग्यांत बसवायच्या, लांब दांड्याच्या पळीने पीठ आतच ओतायचं, भाजून झालं की सगळं निवू द्यायचं आणि उलथन्याच्या टोकाने कपकेक बाहेर काढायचे. मला पुसायचं ते हाताला ओला फडका गुंडाळून. जगात कुठल्या ट्रेची अशी अंघोळ होत असेल, मला माहीत नाही.

पण कपकेक मात्र झकास व्हायचे. या घरातला एकही वाढदिवस माझ्याशिवाय गेला नाही. अमृतच्या वाढदिवसाला मधेच वीज गेली आणि सगळे कपकेक मधोमध खचले. कोमल रडकुंडीला आली. अमृतने त्या खड्ड्यांत जांभळाचा जॅम भरला आणि मुद्दामच असे केलेत म्हणून पाहुण्यांना खाऊ घातले. एक जूनला तर माझी दमछाक व्हायची. कोमलच्या सासूचा, नंदाबाईचा, वाढदिवस आधार कार्डावर एक जून. शेजारच्या सरूबाईचा एक जून, तिच्या दिराचाही एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलेलं. नंदाबाई म्हणायची, "खरा दिस कुनाला ठाव? पन क्येक खराच हाय न्हवं?"

मेणबत्ती मात्र ती कुणाला फुंकू द्यायची नाही. "बुद्धाम्होरं लावायची वस्तू, फुकता कशाला?" आधी सगळे हात जोडून वंदना म्हणायचे, मग मेणबत्ती कपकेकच्या शेजारी ताटात जळत राहायची आणि आपली आपण विझायची. मला ते फार आवडायचं. काचेतून तेवढाच उजेड.

मग नंदाबाईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. बोलणं सुधारलं, काठी टेकत चार पावलं चालणं जमू लागलं, पण उजवा हात तसाच लोंबता राहिला. तिची खाट स्वयंपाकघराच्या दाराशी आली. तेव्हापासून आम्ही समोरासमोर असतो. ती खाटेवर, मी ओव्हनमध्ये. दिवसभर एकमेकांकडे बघतो.

कोमल आम्हा दोघांमध्ये फिरत असते. सासूला अंघोळ घालायची, त्या हाताला तेल चोळायचं, तेजलचा डबा, धुणंभांडी. लग्नाआधी तिने हॉटेलच्या किचनचा कोर्स केलाय. ते प्रमाणपत्र कपाटावर बॅगेत आहे, असं ती एकदा कुणाला तरी सांगत होती. पीठ फेटताना ती गुणगुणते. एरवी नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या मैत्रिणीचा, प्रतीक्षाचा, फोन आला. प्रतीक्षा लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये कामाला आहे. तेजलच्या वाढदिवसाचे कपकेक तिने तिथल्या शेफला खाऊ घातले होते. कोमलचे हात पिठाने भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"बेकरी सेक्शनला जागा आहे गं. दिवसाची ड्यूटी. सर म्हणतात, सोमवारपासून ये."

कोमलचं फेटणं थांबलं. मी इतकी वर्षं तिला बघतोय, असा चेहरा कधी पाहिला नव्हता. मग ती हळूच म्हणाली, "नाही जमणार गं. आईंना दिवसभर एकटं कसं ठेवू? कामात जीव लागणार नाही माझा."

खाटेवर नंदाबाई डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती. झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा थरथरत नाहीत.

शनिवारी तेजलच्या शाळेत पालकसभा होती. कोमल सरूबाईला लक्ष ठेवायला सांगून गेली. सरूबाई डोकावली, तेव्हा नंदाबाई म्हणाली, "तू जा गं तुज्या कामाला. मी झोपते." आणि ती गेल्यावर काठी घेऊन उठली.

आधी तिचा बेत माझ्या लक्षातच आला नाही. तिने डाव्या हाताने मैद्याचा डबा ओढला. दही, साखर, तेल, सोडा. इतके दिवस खाटेवरून बघून बघून तिला सगळं पाठ झालं होतं. भांडं पोटाने ओट्याशी दाबून धरलं आणि घुसळलं. कागदी वाट्या माझ्यात बसवताना घामाघूम झाली. पळीतलं निम्मं पीठ बाहेर सांडलं, पण निम्मं माझ्या खळग्यांत आलं. बटण दाबून ती ओट्याला टेकून उभी राहिली. खाली बसली असती तर परत उठता आलं नसतं.

वास सुटला. ते निवेपर्यंत थांबायला हवं होतं, पण कोमल यायची वेळ झाली होती. नंदाबाईने उलथनं आत घातलं. डावा हात, त्याला कुठली सवय? एक, दोन, तीन कपकेक निघाले. चौथ्याला हात डगमगला आणि मनगटाची मागची बाजू वरच्या तापलेल्या सळईला टेकली.

ती ओरडली नाही. दातांत पदर धरला. मी असा जखडलेला, मागे सरकून तिला जागा देणंही माझ्या हातात नव्हतं. इतकी चीड मला स्वतःच्या अडकण्याची कधी आली नव्हती.

भाजल्याचं मलम समोरच्या वरच्या फळीवर असतं, तेजलच्या हाती लागू नये म्हणून. नंदाबाईने हात उंचावून पाहिला. पोचला नाही. काठीने ओढायचा प्रयत्न केला, तर डबी आणखी आत गेली. सरूबाईला हाक मारली असती तर कोमलच्या कानावर गेलंच असतं. म्हणून तिने नळाखाली हात धरला, मग उरलेले कपकेकही काढले, ओटा पुसला आणि ओट्याच्या आधाराने ताट घेऊन खाटेवर बसली.

कोमल आली. ताटाकडे बघतच राहिली.

"आई, हे कोणी केलं?"

"मी. मग? येकटी ऱ्हाते का न्हाई मी? सांग तुज्या मैतरणीला, सोमवारपासनं येते म्हनून."

"तुम्ही ओव्हनपाशी गेलात? हात बघू."

नंदाबाईने हात पुढे केला. उजवा. तो लोंबता, कशाच्याच कामाचा नसलेला हात पदराखालून काढून तिने कोमलच्या ओंजळीत ठेवला. कोमलने तो उलटापालटा करून पाहिला. कुठे काही नव्हतं. ती त्या हातावर कपाळ टेकून रडली.

डावा हात बघायचं तिला सुचलं नाही. खरं सांगू, तिलाही तो बघायचा नव्हताच बहुतेक. मी तिला दोष देत नाही.

या सोमवारपासून कोमल कामाला जाते. सकाळी डबा भरताना गुणगुणते. अमृत तिच्याआधी निघतो, रात्री दमून येतो. आईच्या पदराआड काय आहे हे त्याला कुठून कळणार? नंदाबाई सध्या डाव्या हातावर पदर ओढून बसते. तेल लावायला कोमल आली की म्हणते, उजव्यालाच लाव, तोच आजारी हाय. दुपारी घर रिकामं झालं की ती पदर बाजूला करते. फोड फुटलाय. ती त्यावर फुंकर घालते, मग वरच्या फळीकडे बघते, मग माझ्याकडे.

मला दिसतं सगळं. सांगता काही येत नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. संध्याकाळी लोणावळ्याहून सुटणाऱ्या लोकलने तुम्ही येत असाल आणि कान्ह्याला उतरणारी, हातांना व्हॅनिलाचा वास येणारी एक बाई दिसली, तर तिच्याशी दोन शब्द बोला. हाताचं काही सांगू नका. सांगितलंत तर ती उद्यापासून जाणार नाही आणि त्या म्हातारीने सोसलेलं सगळं फुकट जाईल. फक्त एवढंच म्हणा, घरी गेल्यावर मलमाची डबी खालच्या फळीवर ठेव.