स्विचवरची पाटी

सूचीबाईंनी यजमानांशी बोलणे टाकले ते गुरुवारी सकाळी, चहाच्या कपावरून. यजमानांनी कप ठेवला तो नेमका टेबलावरच्या प्रुफांवर, पान दोनशे अठरा, आणि चित्रातल्या बगळ्याच्या गळ्यात तपकिरी कडे पडले. "पुसलं जाईल," एवढेच यजमान म्हणाले. सूचीबाईंनी पान झटकले, खिडकीत वाळत घातले आणि तोंडाला कुलूप लावले. त्या दिवशी ते कुलूप लावले नसते, तर पुढचे काहीच झाले नसते.

सूचीबाई हे नाव त्यांना प्रकाशनाच्या ऑफिसात पडले होते. जाडजूड ग्रंथांच्या शेवटी कुठला विषय कुठल्या पानावर आहे ते सांगणारी सूची असते, ती तयार करण्यात त्यांची बेचाळीस वर्षे गेली होती. पूर्वी हे काम चिठ्ठ्यांवर चाले. एका नोंदीला एक चिठ्ठी, चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत, अक्षरवार. सगळे घर खोक्यांनी भरलेले असे आणि मुलगा लहानपणी त्यांची आगगाडी करी. पुढे त्याच मुलाने घरात काँप्युटर आणला. खोकी माळ्यावर गेली. पण सूचीबाईंनी एक सवय सोडली नाही. आधी पेन्सिलीने प्रुफांवर शब्दाखाली रेघ ओढायची, समासात खूण करायची, आणि मग टाइप करायचे. मुलगा हसायचा. "आई, एकच काम दोनदा कशाला?"

आत्ताचे काम होते पक्ष्यांवरच्या नऊशे पानांच्या ग्रंथाचे. सोमवारी दुपारी बारापर्यंत सूची पोचवायची होती. संपादक मुलीने फोनवर गोड आवाजात सांगून ठेवले होते, "ताई, आता प्रोग्रॅम दहा मिनिटांत सूची करतो. तुमच्यासाठी साहेबांना मी कसंबसं थांबवलंय. पण सोमवारी नाही आली, तर यापुढे सगळंच प्रोग्रॅमकडे देतील हो." त्या प्रोग्रॅमचा नमुना सूचीबाईंनी पाहिला होता. 'पक्षी' हा शब्द आठशे सत्तर पानांवर आढळतो, असे त्याने मोठ्या अभिमानाने कळवले होते. आपली जागा याला द्यायची, या कल्पनेनेच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

गुरुवारी दुपारी मुलाचा फोन आला. काँप्युटरची जुनी सिस्टिम आता कंपनी बंद करणार आहे, नवी टाकून घे, म्हणाला.

"सोमवारनंतर टाकीन."

"अगं, एक बटण दाबायचं. तासा-दीड तासात आपोआप होतं. तुम्ही फिरायला जाता ना, तेव्हा लावून जा."

"माझ्या सूचीला काही झालं तर?"

"काही होत नाही गं आई. सगळं जग करतंय."

सव्वाचार वाजता त्यांनी बटण दाबले. पडद्यावर गोल गोल फिरणारे ठिपके आले, खाली लिहिले होते: काम चालू आहे, काँप्युटर बंद करू नका. यजमानांना सांगायला हवे होते. पण तोंडाला कुलूप. मग त्यांनी जाड पेनाने चिठ्ठी लिहिली, 'काम चालू. कृपया बंद करू नये', आणि पडद्याच्या कडेला चिकटवली. यजमानांनी येऊन ती चष्मा लावून वाचली, मान हलवली आणि बूट घालायला गेले. सूचीबाई पुढे जिना उतरल्या. रोजच्यासारखे दोघे तलावापर्यंत जाऊन आले, फक्त चार पावलांचे अंतर ठेवून.

परत आल्यावर पडदा काळा होता. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ: सिस्टिम सापडत नाही.

सूचीबाईंनी बटण दाबले, पुन्हा दाबले, वायर काढून लावली. आतून खरखर आवाज येई, आणि तीच ओळ. मग त्यांनी मुलाला फोन लावला आणि दुपारपासून, खरे तर सकाळपासून साठलेले सगळे त्याच्यावर ओतले.

"काही होत नाही म्हणालास ना? सहाशे पानं झाली होती माझी. तीन हजार नोंदी. सगळं जग करतंय म्हणे. जगाला सोमवारी सूची द्यायची आहे का?"

"आई, शांत हो. मधे लाईट गेली होती का?"

"लाईटला काय धाड भरलीय? आल्यापासून आहे की."

"आणि बॅकअप?"

"ते काय असतं ते बटण दाबायच्या आधी सांगायचं." त्यांनी फोन ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, गळ्यात टॉर्च अडकवलेला माणूस. त्याने पेटी उघडली, कान लावून खरखर ऐकली आणि तोच प्रश्न विचारला, "लाईट गेली होती का मधे?"

"नाही," सूचीबाई म्हणाल्या.

"आमच्याकडे तीन वर्षांत लाईट गेलेली नाही," यजमान म्हणाले. त्यांची चौतीस वर्षे वीज कंपनीच्या सबस्टेशनात गेली होती आणि लाईट जाणे ही गोष्ट ते अंगाला लावून घेत.

"मग कळत नाही. डिस्क जुनी आहे, काढून बघावी लागेल. दुकानात नेतो."

पेटी त्याने उचलली, सूचीबाईंनी वायरींची पिशवी घेतली आणि यजमान त्याला गाडीपर्यंत सोडायला निघाले. सगळ्यात शेवटी यजमान. दाराबाहेर पडता पडता त्यांचा उजवा हात, न बघता, चौकटीच्या वरच्या डब्याकडे गेला. खट् झाले. घरातला पंखा मंदावत थांबला.

दुरुस्तीवाला पायरीवर वळला. "काका, हे काय केलंत?"

"मेन बंद. घराबाहेर पडताना मेन बंद करायचा. फ्रीजची लाइन वेगळी घेतलीय मी, ती चालू राहते."

"रोज?"

"तीस वर्षं झाली."

"काल पण?"

सूचीबाईंना वाटले की आपण वायरींची पिशवी यजमानांच्या डोक्यात घालू. तीस वर्षे ती खट् त्यांच्या कानावर पडत होती, आणि ती लाईट जाणे आहे हे काल एकदाही त्यांच्या मनात आले नव्हते. लाईट जाते ती लोकांकडे. आपल्याकडे मेन बंद करतात.

"अर्धवट लिहीत असताना करंट गेला," दुरुस्तीवाला म्हणाला. "त्यात डिस्क म्हातारी. बघतो, पण आशा धरू नका काकू."

गाडी गेली. दार लागले. आणि सूचीबाईंच्या तोंडाचे कुलूप उघडले.

"चिठ्ठी वाचलीत ना तुम्ही? चष्मा लावून वाचलीत."

"वाचली की. म्हणून तर काँप्युटरला हात लावला नाही."

"काँप्युटरला नाही लावला. सगळं घर बंद केलंत."

"हे बघ." यजमान खुर्चीत नीट बसले, तेव्हाच सूचीबाईंनी ओळखले की आता सबस्टेशन सुरू होणार. "लाइनवर माणूस चढला की आम्ही पाटी लावायचो. कुठे लावायचो? खांबावर नाही. स्विचवर. बंद-चालू करणारा हात जिथे जातो तिथे पाटी. तू लावलीस पडद्यावर."

"म्हणजे चूक माझी."

"पाटीची जागा चुकली, एवढंच म्हणतोय."

सर्वांत संताप कशाचा आला असेल, तर यजमान बरोबर बोलत होते याचा. सूचीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तीन भांडी उगाचच पुन्हा घासली. मग मुलाला फोन केला.

"तुझ्या बाबांनी मेन बंद केला होता."

"माझ्याही डोक्यात आलं नाही बघ. लहानपणापासून ऐकतोय ते खट्. आई, मग काल मला जे बोललीस ते—"

"ते राहू दे तसंच," सूचीबाई म्हणाल्या. "पुढे कधीतरी उपयोगी पडेल."

शनिवारी दुरुस्तीवाल्याचा फोन आला. डिस्कमधून एकही फाइल निघाली नाही. संध्याकाळी नवी डिस्क घालून आणून देतो. हे सूचीबाईंना फोनआधीच माहीत असल्यासारखे होते. कारण शुक्रवारी दुपारपासूनच त्यांनी माळ्यावरची खोकी खाली काढली होती. प्रुफांवर पेन्सिलीच्या रेघा शाबूत होत्या. दुहेरी काम म्हणून मुलगा ज्याला हसायचा, ते सगळे जागच्या जागी होते. पण एकीने पाने उलटायची, वाचायची, लिहायची आणि खोक्यात लावायची, तर सोमवार काय, पुढचा गुरुवार उजाडला असता.

"वाचा," त्यांनी प्रुफांचा गठ्ठा यजमानांपुढे आपटला. "रेघ असेल तो शब्द आणि पानाचा आकडा. मधे आपलं मत नको."

यजमानांनी चष्मा पुसला आणि मीटरचे आकडे सांगावेत तशा एकसुरी, खणखणीत आवाजात सुरुवात केली. "पिसे, गळण्याचा काळ, पान नऊ. पिसे, नराची, पान दहा." सूचीबाई चिठ्ठ्या लिहीत होत्या आणि न बघता योग्य खोक्यात टाकत होत्या. बोटांना जुनी वाट आठवत होती. पूर्वी याच टेबलावर, मुलाला मांडीवर झोपवून, त्यांनी असेच एका हाताने कितीतरी ग्रंथ संपवले होते. तेव्हा यजमान कुठे होते? सबस्टेशनात, पाट्या लावत. ती आठवण काही गोड नव्हती. त्यांनी पेन जास्तच दाबून धरले.

"घुबड, अंडी, पान तीनशे चार," यजमान वाचत होते. "नर, घरट्याकडे दुर्लक्ष, पाने तीनशे बारा ते चौदा."

"पुन्हा वाचा."

"नर, घरट्याकडे दुर्लक्ष."

"फक्त तीनच पानं?"

"तू रेघ मारलीस तेवढंच वाचतोय मी," यजमान म्हणाले, आणि पान उलटले.

शनिवारी संध्याकाळी काँप्युटर आला. नवी सिस्टिम हसतमुख होती. स्वागत आहे, म्हणाली, तुम्हाला कुठला रंग आवडतो, विचारत होती. "बेचाळीस वर्षांत मला कोणी विचारलं नाही, आता ही विचारतेय," म्हणत सूचीबाईंनी तिला गप्प केले आणि चिठ्ठ्यांचे पहिले खोके ओढले. त्यांची पाठ दाराकडे होती. मागे यजमानांची हत्यारांची पेटी वाजली, स्टूल सरकले. त्यांनी वळून पाहिले नाही. रविवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडले तेव्हा दिसले: मेन स्विचच्या डब्यावर तारेने बांधलेली जुनी पत्र्याची पाटी. लाल अक्षरे पुसट झालेली. 'लाइनवर काम चालू आहे. हात लावू नये. काम करणार:' आणि पुढच्या मोकळ्या जागेत खडूने, सरकारी वळणाच्या अक्षरात, सूचीबाईंचे नाव.

"ही कुठून आणलीत?"

"निवृत्तीच्या दिवशी आणली होती. नियम ठाऊक आहे ना? ज्याच्या नावाची पाटी, त्यानेच काढायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, साहेबानेसुद्धा नाही."

सूचीबाईंनी दूध आत नेले आणि पुढचे खोके ओढले. रविवार गेला. सोमवारी अकरा चाळीसला चार हजार सातशे बारा नोंदींची सूची निघाली. थोड्या वेळाने संपादक मुलीचा निरोप आला, मिळाली ताई, पुढच्या महिन्यात मासे आहेत, घ्याल ना? सूचीबाईंनी 'घेईन' एवढेच कळवले आणि काँप्युटर रीतसर बंद केला.

साडेचारला यजमान बूट घालून दारात उभे राहिले. सूचीबाईंनी चपला घातल्या, पर्स घेतली, खिडक्या लावल्या. यजमानांचा उजवा हात सवयीने वर गेला, पाटीपाशी अडला आणि तिथेच तरंगत राहिला.

"काम झालं ना तुझं?" त्यांनी विचारले.

"झालं."

"मग पाटी?"

सूचीबाईंनी पाटीकडे पाहिले. तारेची गाठ साधी होती, एका हाताने सुटली असती.

"चला," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या.

यजमान तीस वर्षांत पहिल्यांदा मेन चालू ठेवून घराबाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत त्यांनी तीनदा मागे वळून पाहिले. तलावाशी बाकावरही बसले नाहीत, नुसते घड्याळ बघत उभे राहिले. सूचीबाई मात्र आज दोन फेऱ्या जास्त चालल्या, सावकाश, आणि मागे एकदाही वळल्या नाहीत.