चाखण्यापुरतं

काट्यावर चढायच्या आधी मी कानातलं काढून ठेवते. हसा खुशाल. गुंजभर सोन्यानं काय फरक पडणार, हे मलाही कळतं. पण एकदा भीती मागे लागली की माणूस शहाणं राहत नाही. त्या सकाळीही कानातलं काढलं, चपला काढल्या, उगाच श्वास रोखून धरला आणि खाली बघितलं. शहाण्णव. मागच्या आठवड्यात शहाण्णव, त्याच्या मागच्या आठवड्यातही शहाण्णव. माझे हातपाय गार पडले.

मला नव्वदच्या आत यायचं होतं. नटायला-मुरडायला नव्हे, ते वय केव्हाच मागे पडलं. माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात आणि माझी एक त्याला चालते. रक्त जुळलं, बाकीचं सगळं जुळलं, सुया टोचून टोचून माझ्या दंडाची चाळण झाली. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बाई, एवढ्या वजनात किडनी काढली तर तुमच्याच जिवावर बेतेल. नव्वदच्या आत या, तिथं टिकून दाखवा, मग बोलू." तेव्हा मी एकशे अठ्ठावीस किलो होते. पथ्यं केली, उपाशी राहिले, काटा ढिम्म हलेना. मग पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. पोट कापून केळ्याएवढं ठेवतात, म्हणजे चार घासांत माणूस गार.

पहिले चार महिने वजन असं उतरलं की अंगातले कपडे मला शोधत फिरायला लागले. भाऊ म्हणायचा, "ताई, जरा दमानं. किडनी द्यायला तू तरी शिल्लक राहा." त्याला घरात सगळे बारक्या म्हणतात. मी पहिल्यापासून अशी आडवीतिडवी, माझ्याशेजारी तो काडी दिसायचा, म्हणून बारक्या. आता चाळिशी उलटली तरी नाव काही सुटलं नाही. फरशा बसवायचं काम करायचा. त्यानं बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही, इतका काटेकोर. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशिनीला हात जोडून पडतो. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळं प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. म्हणून तिथंही काटा आहेच. मशिनीवर जाताना वजन, उतरताना वजन. आम्ही भावंडं म्हणजे जिथं जाऊ तिथं आधी काट्यावर.

पाण्याचा हिशोब तो एका बाटलीवर ठेवतो. दिवसभराचं मोजून दिलेलं पाणी सकाळी बाटलीत भरायचं. मग चहा घेतला, औषधाबरोबर घोट घेतला, बर्फाचा खडा चघळला, की तेवढंच पाणी त्या बाटलीतून मोरीत ओतून द्यायचं. बाटली रिकामी झाली की दिवसाचं पिणं संपलं. भर उन्हाळ्यात संध्याकाळी रिकाम्या बाटलीकडे बघत बसलेला बघितलाय मी त्याला. आपण भरला ग्लास घेऊन त्याच्यासमोरून जाताना चोरासारखं वाटतं.

तर माझा काटा अडला, आणि नेमकी तेव्हाच त्याच्या हातातली ती शीर कुरकुरायला लागली. मशीन जोडायला हातातली एक शीर तयार करतात. डाव्या हाताची आधीच बंद पडली होती, ही उजवीही गेली की पुढं सगळं अवघड. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नव्हते, पण प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून "कितीवर आलात?" एवढं विचारायचे. मला तो प्रश्न झोपेतून उठल्या उठल्या ऐकू यायचा.

आहारवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी काय काय खाता विचारलं. मी सांगितलं, सकाळी एक अंडं, दुपारी वाटीभर मऊ शिजवलेलं, संध्याकाळी तेवढंच, जेवताना पाणी नाही, घास बारीक चावून. सगळं खरं. त्या म्हणाल्या, "अजून काही?" म्हटलं, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, "नीट आठवा. काहीतरी पोटात जातंय." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाई, माझा भाऊ तिकडं मरायला टेकलाय आणि मी इथं चोरून खाईन असं वाटतं तुम्हाला?" आणि उठून चालू पडले. जिना उतरेपर्यंत राग टिकला. खाली आल्यावर तिथंच पायरीवर बसले. कारण शेजारीण म्हणाली होती, तिच्या नात्यातल्या एकीचं पोट ऑपरेशननंतर पुन्हा ताणलं, वजन होतं तेवढं परत आलं. माझंही ताणलं असेल तर? दुसऱ्यांदा कापायला पोट कुठून आणू?

घाबरून मी होतं नव्हतं तेही खाणं कमी केलं. अंडं बंद, संध्याकाळचं बंद. केस मुठीनं गळायला लागले. काटा मात्र शहाण्णववर ठाण मांडून बसला होता.

मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी आहे. सहा शेगड्या, पुरुषभर उंचीची भांडी घासायला दोघं, चिरायला एक बाई, आणि दुपारच्या सुटीत जेवायला तीनशे माणसं. ती चिरणारी बाई सारखी घड्याळाकडे बघते म्हणून आम्ही तिला घड्याळबाई म्हणतो. एका दुपारी रश्श्याच्या पातेल्यापाशी मला घेरी आली. घड्याळबाईनं मागून पदर की कॉलर हाताला लागेल ते धरून ओढलं म्हणून वाचले, नाहीतर माझाच रस्सा झाला असता. तिनं संध्याकाळी बारक्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी स्वारी कॅन्टीनमध्ये हजर. म्हणाला, "मशिनीचा वार नाही आज. घरी बसून भिंती मोजण्यापेक्षा तुझ्यावर पहारा देतो." भिंतीलगत स्टूल टाकून बसला. मला खरं तर बरं वाटलं, पण तसं सांगितलं तर डोक्यावर बसेल. म्हटलं, मध्ये मध्ये लुडबुडू नकोस.

थोड्या वेळानं बघते तर हा उठतोय, बसतोय. हातात माझ्यासारखाच चमचा, मांडीवर एक रिकामं पातेलं. मी या शेगडीवरून त्या शेगडीवर गेले की हा माझ्या मागे. मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून पोरखेळ चाललाय. सूप उतरवलं, रस्सा उतरवला, दोन भाज्या, भात, गोड. तीनशे माणसं जेवून गेली. मग त्यानं ते पातेलं माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं.

"हे काय?"

"तुझं जेवण."

आत सगळ्याचा काला. सूप, रस्सा, भाजीचा रस, गोडाचा पाक, आणि वर बोटभर तेलाचा तवंग. पातेलं अर्ध्याच्या वर भरलेलं.

"तू चव बघितलीस की मी तेवढंच यात टाकत होतो," तो म्हणाला. "बाटलीचं करतो तसं, फक्त उलटं. ताई, तू एकदा बघत नाहीस. मीठ टाकायच्या आधी बघतेस, टाकल्यावर बघतेस, आणि मग बरोबर झालंय म्हणून परत बघतेस."

"चाखणं म्हणजे काय खाणं असतं?"

"बर्फ चघळणं म्हणजे पाणी पिणं असतं का? मलाही नव्हतं वाटत."

मी डावानं तो काला ढवळून बघितला. अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक करते मी. चव बघितल्याशिवाय भांडं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे हाताला शिकवावं लागत नाही आता. कुणी विचारलं, काय खाल्लं, तर जे ताटात घेतलं ते सांगते. चमच्यातलं माझ्या हिशोबात कधी आलंच नाही. आणि पातळ ते त्या केळ्याएवढ्या पोटातून सरळ खाली उतरतं, पोट भरल्याचं कळतही नाही. आहारवाल्या बाई हेच विचारत होत्या आणि मी त्यांच्या अंगावर धावून गेले होते.

बारक्या हळू आवाजात म्हणाला, "ताई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"तुला द्यायची नसेल तर नको देऊस. मी काही म्हणणार नाही. हे असं आतल्या आत..." त्यानं पातेल्याकडे बोट दाखवलं.

माझ्या हातातला डाव मी असा आपटला की घड्याळबाई कोठीत पळाली. "पोट कापून घेतलं मी तुझ्यासाठी. केस गेले माझे. आणि तू मला सांगतोस, द्यायची नाही म्हणून खाते?" मी त्याच्याकडे बघितलं. डोळे सुजलेले, चेहरा पिवळा, उजवा हात छातीशी धरलेला. मी मोरीपाशी गेले, तोंडावर पाणी मारलं. राग ओसरला आणि खाली जे होतं ते वर आलं.

खरं सांगते. चवीचं मला माहीत नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण काटा शहाण्णववर दिसला की भीतीनं गार पडायचे ना मी, त्या भीतीच्या आड कुठंतरी एक सुस्कारा असायचा. चला, आज नाही. अजून महिना तरी नाही. मला ऑपरेशनच्या टेबलाची भीती वाटते. पोटाच्या वेळी भूल उतरताना मला श्वास घेता येईना, चार-पाच क्षण असतील, पण ते माझ्या अंगातून गेलेले नाहीत. आणि एक किडनी गेल्यावर उरलेलीनं दगा दिला तर? मला कोण देणार?

परत येऊन मी त्याला हे सगळं सांगितलं. ओट्याला टेकून, खरकट्या भांड्यांच्या ढिगाशेजारी. तो म्हणाला, "मलाही भीती वाटते. तुझी घेऊन ती माझ्यात चाललीच नाही तर तुला तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्या दिवसापासून मी चव घेऊन थुंकायला लागले. सांगायला सोपं आहे. तोंडातलं अन्न थुंकायचं नाही हे आईनं मारून शिकवलेलं. पहिल्या दिवशी चमचा तोंडात तसाच धरून उभी राहिले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थुंकवेना. शेवटी मोरीकडे तोंड केलं, चूळ भरली, झालं. घड्याळबाईनं ते बघितलं आणि अर्ध्या तासात कारखानाभर बातमी, की आजचा रस्सा खुद्द आचारीणच थुंकतेय. त्या दुपारी तीनशेपैकी निम्म्यांनी नुसता भात खाल्ला. मला साहेबांसमोर उभं राहून माझ्या पोटाची सगळी कथा सांगावी लागली. त्यानंतर लोक मला बघून हसायचे, पण रस्सा मागून घ्यायचे.

आहारवाल्या बाईंची माफी मागितली. त्यांनी अंडं परत सुरू करायला लावलं, वर चार शब्द सुनावले, ते मी मुकाट ऐकले. मग काटा हलला. पंच्याण्णव. त्र्याण्णव. मध्ये एकदा पुन्हा पंधरा दिवस अडला तेव्हा माझी झोप उडाली, पण अडणं आणि वाढणं वेगळं, हे बाईंनी घोकून घेतलं होतं. एकोणनव्वद झाले. मग टिकून दाखवायचं होतं. उतरताना निदान काहीतरी केल्यासारखं वाटतं, टिकताना नुसती धाकधूक. दर सोमवारी काट्यावर चढताना वाटायचं, आज सगळं परत आलेलं असणार. तीन महिने अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या मध्ये राहिले. बारक्याची शीर कशीबशी तग धरून होती.

मोठ्या डॉक्टरांनी आकडे बघितले आणि मान डोलावली. मग बारक्याला बाहेर बसायला सांगितलं. दार लावून घेतलं. बरोबर एक समुपदेशक बाई होत्या, त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"हे आम्ही प्रत्येकाला विचारतो," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना? मनात नसेल तर आत्ता सांगा. तुमच्या भावाला आम्ही एवढंच सांगू, की तपासणीत बसत नाही. का, ते त्यांना कधीच कळणार नाही."

म्हणजे सुटायचं दार उघडं होतं, आणि बाहेर पडताना कुणी बघणारही नव्हतं. कुणी बोट दाखवलं नसतं. तो सुस्कारा पुन्हा आला, अगदी गळ्यापर्यंत आला. काचेतून बाहेरच्या बाकावर बारक्या दिसत होता. तो दाराकडे बघतच नव्हता, पाठ करून बसला होता.

"बाई," मी म्हटलं, "मला फार भीती वाटते. किती वाटते ते लिहून घ्या हवं तर. आणि तारीख लवकरातली लवकर द्या, नाहीतर माझा धीर सुटेल."

बाहेर आले. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "ताई, आत काय विचारतात ते मला माहितीय. डायलिसिसला शेजारी असतो त्यानं सांगितलं होतं. बसत नाही म्हणाले असतील तर तसं सांग, मी काही विचारणार नाही."

मी त्याच्याशेजारी बसले. पिशवी मांडीवर घेतली.

"पुढच्या बुधवारी भरती व्हायचंय," मी म्हटलं. "दोघांनी."