वजा एक

“टेप ताणून धर. दोरीवर वाळत घातलेली ओढणी आहे का ती?” बाबा नदीच्या कडेवरून ओरडले.

मी आमच्याच स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेप दाबून उभी होते. बाबा नदीखात्यात मोजणीदार. घरापासून नदीची कड किती लांब राहिली, ते मोजायचं. पंचवीस मीटरच्या आत आली, की भिंतीवर लाल फुली आणि आठ दिवसांत घर रिकामं. आजवर त्यांनी गावभर फुल्या मारल्या. आमच्या घराची पाळी आज पहिल्यांदाच आली होती.

नदीबद्दल मला विचारा. वक्तृत्वस्पर्धेत माझा विषय तोच होता आणि पहिला नंबर माझा होता. कप अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. पलीकडे बंगल्यांसाठी दगडी भिंत बांधली, वरच्या अंगाला वाळू उपसून उपसून तळ खोल केला. तिकडे डोकं आपटून काही होईना, म्हणून पाणी आमच्या मऊ काठाला लागलं. घरांची पहिली ओळ पुरात गेली. आमची दुसरी. टाळ्या खूप पडल्या होत्या. नदीने भाषण ऐकलं नसावं.

तर टेप. कापडी, जुना, सुरुवातीचा तुकडा कधीच तुटून गेलेला. नवा मागितला की साहेब म्हणतात, “एकापासून धरा की.” म्हणून टेप एक मीटरच्या खुणेवर धरायचा आणि आलेल्या आकड्यातून एक कमी करायचा. मी दुसरीत वजाबाकी शिकले तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ते काम माझं. बाबा आकडा ओरडतात, मी “वजा एक” ओरडते, मगच ते वहीत लिहितात.

गेल्या महिन्यात शेजारच्या शिंपीकाकांच्या घराला आकडा आला पंचवीस ऐंशी. मी नेहमीसारखं, जवळजवळ चालीतच, “वजा एक” म्हटलं. काकांनी दारातून विचारलं, “म्हणजे किती गं, पोरी?”

आता ते टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. आज जुन्या घराच्या चौकटी काढून न्यायला आले होते. हातोडीचा आवाज येत होता.

आई कमरेवर हात ठेवून बाहेर आली. “लोकांच्या भिंती रंगवताना हात थरथरला नाही तुमचा. आज जरा डोळेझाक केलीत, तर नदी काय तक्रार करणार आहे?”

“नदीच करते तक्रार,” बाबा म्हणाले. “फक्त लेखी देत नाही.”

“हसू नका. ही चूल मी माझ्या हाताने घातलीय.”

बाबा हसत नव्हतेच. ते वाकले, टेप नाकाजवळ धरला आणि म्हणाले, “पंचवीस चाळीस.”

पंचवीसच्या वर. माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं. वर्गात बाई म्हणतात, हिच्या तोंडाला कुलूप लावा कुणीतरी. आज ते आपोआप लागलं.

बाबांनी वहीवर पेन्सिल टेकवली आणि माझ्याकडे पाहिलं. विचारलं नाही. लिहिलंही नाही. मी जे म्हणेन तेच ते लिहिणार, हे मला इतक्या लांबून स्पष्ट दिसत होतं, आणि ते मला मुळीच नको होतं.

त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि खाली पाण्यात पडलं. शेजारची हातोडी थांबली होती. काका अर्धी निघालेली चौकट धरून आमच्याकडेच बघत होते.

“वजा एक,” मी म्हटलं.

“ऐकू नाही आलं.”

“वजा एक, बाबा.”

त्यांनी लिहिलं. टेप गुंडाळत घरापर्यंत आले, पिशवीतून लाल रंगाचा डबा काढला, झाकण उघडलं. काडीने रंग ढवळत बसले. नेहमीपेक्षा बराच वेळ.

शेवटी ब्रश घेऊन भिंतीपाशी उभे राहिले. भिंतीला टेकवलेली पातेली आईने एकेक करून उचलली आणि बाजूला ठेवली.

“तिथे नको,” ती म्हणाली. “वरून पन्हळीचं पाणी गळतं. रंग ओघळेल. इकडे, मधोमध काढा. नीट.”