रंगाचा आणखी एक हात

लिओनार्डने पॉलिश पेपरची घडी बोटाला गुंडाळली आणि रिव्हॉल्व्हरची नळी पुन्हा घासायला घेतली. काल चढवलेला निळा-काळा रंग भुकटी होऊन खालच्या वर्तमानपत्रावर पडू लागला.

"परत?" आयडाने विचारलं.

"डाग दिसत होता."

ती हातात पाखडायचं सूप घेऊन दारातच उभी राहिली. नवरा कारखान्यात फिटर, पण मोरीची कडी निखळली होती तिला कधी हात लावायचा नाही. हे मात्र कामावरून आल्या आल्या. लिओनार्डचे पपा गेले आणि त्यांचं हे जुनं, गंजकं रिव्हॉल्व्हर याच्याकडे आलं. परवाना पपांच्या नावाचा, आणि पपा देवळामागच्या कबरीत.

पेरणीआधी शेजारच्या रोझारिओने यांच्या शेताचा बांध हातभर आत सरकवला होता. त्यावर लिओनार्ड एका लग्नाच्या मांडवात, अख्ख्या मरोळसमोर बोलून बसला होता: पपांचं रिव्हॉल्व्हर नवं करतो आणि बांधावर येतो. तेव्हापासून रोझारिओ कोयता उशाशी घेऊन झोपतो, असं विहिरीवर बायका सांगत. आयडाला मात्र झोपच नव्हती.

कुंपणापाशी सायकलची घंटी वाजली. चुलतभाऊ जॉन.

"काय रे लिओ, नवरदेव सजला की नाय? रोझारिओ वाट बघून म्हातारा होईल!"

"रंग चढायचाय अजून. घाई केली तर वाट लागेल."

"मग उद्या?"

"उद्या बघू."

जॉन हसत निघून गेला. आयडा सूप तसंच घेऊन स्वयंपाकघरात शिरली. सासू सेराफिना पाटावर बसून बोंबील साफ करत होती.

"आय, त्याला थांबवा ना. तुमचं ऐकेल तो."

"घासू दे."

"आणि घासून झालं की?"

सेराफिनाने एका बोंबलाचं डोकं उडवलं. "ते उडत नाय गं."

आयडाने सूप खाली ठेवलं.

"लिओ पोटात होता तेव्हा तुझा सासरा पिऊन सख्ख्या भावावर धावला ते घेऊन. दुसऱ्या दिवशी मी टोपलीत घातलं, वर भाजी टाकली आणि लोहाराकडे नेलं. घोड्याचं टोक, गोळीवर आपटतं ना, तेच कानशीने उडवलं."

आयडाचा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात पुन्हा वर आला. "म्हणजे हा खेळणं घेऊन कोयत्यासमोर उभा राहणार?"

सेराफिनाने बोंबील धुवायला घेतले.

"पपांना कधी कळलं नाही?"

"दर रविवारी मिसाहून आला की सगळं खोलून तेल द्यायचा. मरेपर्यंत." तिने ओला हात लुगड्याला पुसला. "खोलणाऱ्याला दिसणार नाय होय? पण मला एका शब्दाने बोलला नाय. कोणी भांडायला बोलावलं की म्हणायचा, आज तेल दिलंय, सुकू दे."

आयडा बाहेर आली. वर्तमानपत्रावर सुटे भाग ओळीने मांडले होते. त्यात घोडाही होता. बाकी तुकड्यांवर कुठे कुठे जुनी काजळी होती, पण त्याचं पुढचं बोथट टोक अंगठा फिरवून फिरवून गुळगुळीत, चकचकीत झालं होतं.

तिची नजर कुठे आहे ते लिओनार्डने पाहिलं आणि फडकं हळूच घोड्यावर ओढलं.

"झालंच म्हणायचं आता," तो म्हणाला. कुंपणाकडे बघत होता. कपाळावर घाम आला होता. "उद्या परत येईल जॉन."

आयडा त्याच्याजवळ उकिडवी बसली. नळी उचलून तिने उजेडाकडे धरली, फिरवली. आरशासारखी स्वच्छ होती. तिला तीत स्वतःचं नाक दिसलं, वाकडं.

"हे बघ," ती बोट ठेवून म्हणाली, "इथे अजून गंज आहे."

लिओनार्ड त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिला. मग तिच्याकडे.

"हो की," तो म्हणाला, आणि पॉलिश पेपरचा नवा तुकडा फाडला.