खलाशांची हाक

‘पुट’ या इंग्रजी क्रियापदानं कोशकाराला पुरतं जेरीस आणलं होतं. ठेवणं म्हणावं, तर ते दिवा विझवायचं, काम लांबणीवर टाकायचं, पाहुण्याला घरात उतरवून घ्यायचं, वर मुकाट सोसायचंही. सुधारित आवृत्तीची छपाई याच नोंदीपायी रखडली होती.

अर्थ कसेबसे मार्गी लागले. गाडं अडलं मुळापाशी. पहिली आवृत्ती सासऱ्यांची. त्यांनी लिहिलं होतं, की नाव पाण्यात लोटताना खलाशी जी हाक देत, तिच्यातून हा शब्द आला. याला आधार दोन कोशांत सापडला, तेव्हा कोशकाराला हायसं वाटलं. मग त्यांच्या प्रस्तावना वाचल्या. दोघांनीही सासऱ्यांचेच आभार मानले होते. आरशातल्या माणसाला साक्षीला बोलावण्यातली गत. जुना अर्थ ढकलणं, एवढं खरं. गोळाफेकीच्या ‘शॉट पुट’ या इंग्रजी नावात तो अजून तग धरून आहे. त्यापलीकडे सगळा अंधार.

त्यानं ओळ खोडली. बायकोला मात्र सांगवेना. बाबा झोका देताना हीच गोष्ट सांगायचे, हे ती लग्नापासून ऐकवत आली होती.

प्रुफं दोघं मिळून तपासत. ती हस्तलिखित मोठ्यानं वाचायची, तो प्रुफावर बोट फिरवायचा. त्या दुपारी तिनं वाचलं, “मूळ अज्ञात,” आणि ती थांबली.

“बाबांची ओळ राहिली वाटतं.”

“राहिली नाही. मी काढली.”

त्यानं चाचरत सगळं सांगितलं. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

“ती झोक्यावरची गोष्ट होती हो. कोशात कशाला घातलीत, असं मीही त्यांना विचारलं होतं. म्हणाले, जागा रिकामी राहिली की पडलेल्या दातासारखी दिसते.”

“अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही ती ओळ एवढ्या भक्तीनं वाचायचात. तुमचा हिरमोड कोण करणार?”

त्याला हसावंसं वाटलं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. तिनं चष्मा चढवला आणि रीतीप्रमाणे ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. ‘अज्ञात’पाशी तिचा आवाज चिरकला. त्यानं प्रुफावरची मान वर केली नाही.

“पुढचा शब्द घ्यायचा?” त्यानं विचारलं.

“थांबा थोडं,” ती म्हणाली.