एका हाताची गाठ

गिरणीत साचे चालवणाऱ्या गुणाजीची मुलगी मालन गिरगावातल्या एका कापडाच्या दुकानात स्कार्फच्या काउंटरवर होती. स्कार्फ कसा बांधायचा हे ती स्वतःवर करून दाखवी. तिकोनी घडी घालून टोकं हनुवटीखालून मानेमागे नेली, की मोटारीतल्या बाईचे केस उडत नसत. लांब पट्टी करून गळ्याच्या एका बाजूला गाठ घेतली, की जुना ब्लाउजही नवा वाटे. तिची बोटं इतकी भराभर चालत की गिऱ्हाईक म्हणे, "परत दाखव, जरा हळू."

लालबागच्या चाळीत तिच्या शेजारच्या खोलीत सुभद्रा राहायची. दोघी एकाच शाळेत शिकलेल्या. छप्पन्न सालच्या जानेवारीत सुभद्राला टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी मुलाखतीचं पत्र आलं.

"तिथल्या पोरी कशा टापटीप असतात," सुभद्रा म्हणाली. "मला गळ्यातली गाठ शिकव."

त्याच आठवड्यात मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर जाहीर झालं. गिरणगाव रस्त्यावर उतरलं. दगड पडले, टायर जळले, कर्फ्यू लागला. दुकान बंद, गिरण्या बंद. चार दिवस माणसं खोल्यांत कोंडून बसली होती. पाचव्या दिवशी दुपारी रस्ता शांत वाटला. मालनने रंग सुटत होता म्हणून मालकाने देऊन टाकलेला निळा स्कार्फ काढला आणि हाक मारली, "सुभद्रा, बाहेर गॅलरीत ये. आत अंधार आहे, गाठ दिसायची नाही."

सुभद्रा कठड्याला टेकून उभी राहिली. मालनने तिच्या गळ्यात स्कार्फ टाकला, गाठ डाव्या बाजूला घेतली. दारातून सुभद्राची आई राधाबाई म्हणाली, "मडमीण दिसतंस गो." सुभद्रा हसली. केस मागे सारायला तिने उजवा हात वर केला.

नाक्यावर पोलिसांची गाडी होती, तिकडे आरडाओरडा झाला. मग दोन-तीन आवाज झाले, पत्र्यावर काठी मारावी तसे.

"हात कोणी ओढला माझा?" सुभद्रा म्हणाली.

कुणीच ओढला नव्हता. कोपराच्या वर तिची बाही लाल होत होती. मालनला वाटलं, स्कार्फचाच रंग सुटला. पण स्कार्फ निळा आहे, हे तिच्या ध्यानात आलं आणि पुढे काहीच सुचेना. सुभद्रा हळूहळू खाली बसली.

मालनची बोटं आपोआप चालू लागली. तिने सुभद्राच्या गळ्यातली गाठ सोडली, स्कार्फची पट्टी केली, दंडाला गुंडाळली, गाठीत आपल्या केसांतली लाकडी फणी अडकवून पिळली. रक्त थांबेपर्यंत पिळत राहिली. तळमजल्यावरच्या कोंडीरामने आणि आणखी दोघांनी सुभद्राला गाद्या ठेवायच्या लांब घडवंचीवर घातलं आणि पांढरं धोतर काठीला निशाणासारखं लावून परळच्या इस्पितळात नेलं. मालन फणी धरून बरोबर चालली. डॉक्टरांना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"हे बांधलं नसतं तर ही इथवर आली नसती," डॉक्टर म्हणाले. मालनला ते ऐकू आलं, पण कळलं नाही.

गोळी काढली, सुभद्राचा हात वाचला. त्याची बोटं मात्र हलेनात. मुलाखतीची तारीख इस्पितळातच गेली.

दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी एका बाईने गळ्यात बांधून मागितलं. मालनने गाठ घेतली आणि ओढली, आणखी ओढली. बाईने तिची मनगटं धरली तेव्हा ती थांबली. बाईचा गळा लाल झाला होता. मालकाने तिला पाणी दिलं आणि घरी पाठवलं. ती मग दुकानात गेलीच नाही. सुभद्रा घरी आली तरी मालन तिच्या दारावरून मान खाली घालून जाई. दोन महिने असे गेले.

एका सकाळी सुभद्राच आली. गळ्यात बांधलेल्या झोळीतला हात तिने मांडीवर ठेवला.

"येत का नाहीस?"

"मीच तुला बाहेर बोलावलं."

"बोलावलंस," सुभद्रा म्हणाली. "मलाही ते रोज आठवतं. तुझा राग येतो. मग राग आल्याचं वाईट वाटतं. एकटीने किती दिवस करू हे?"

मालन रडली नाही. इतक्या दिवसांत कुणी ते सरळ बोललं नव्हतं.

"ही झोळी आई बांधते," सुभद्रा म्हणाली. "वीस वर्षांची झाले मी. मला माझी मला बांधता आली पाहिजे."

मालनने पेटीतून एक चौकोनी कापड काढलं. आपला उजवा हात तिने लुगड्याच्या पदरात बांधून टाकला आणि डाव्याने प्रयत्न केला. टोक निसटलं. दातात धरलं, तरी निसटलं. मग आधी सैल गाठ मारून गळ्यात घालायची, हात आत सरकवायचा आणि शेवटचं टोक दातांनी ओढायचं, असं तिला सुचलं. जेवणाची वेळ टळून गेली तरी दोघी करत होत्या. सुभद्राच्या ओठाला कापडाने चीर पडली.

चार वाजता गाठ बसली. सुभद्राने ती सोडली आणि पुन्हा बांधली.

टेलिफोनच्या नोकरीसाठी तिने पुन्हा अर्ज केला; घेतलं नाही. पुढच्या वर्षी भोईवाड्याच्या एका बालवाडीत तिला काम मिळालं. डाव्या हाताने ती फळ्यावर अक्षरं काढायची, जरा तिरकी. मालन पुन्हा काउंटरवर उभी राहिली, पण दुसऱ्याच्या गळ्याला तिने परत हात लावला नाही. गिऱ्हाइकाच्या हातात स्कार्फ द्यायची आणि तोंडाने सांगायची, "आता डावं टोक वर घ्या. हळूच. ओढू नका."