खाटेची उंची

पुंडलिकशेठचा मेसेज फजरच्या अजानपाठोपाठ यायचा. आधी गुलाबाचं फूल, फुलाखाली सुविचार आणि सुविचाराखाली घराची काळजी कशी घ्यावी याची सूचना. घर विकून झालं की एजंट फोन उचलत नाहीत, असा दुनियेचा अनुभव. आमचा एजंट मात्र घर विकल्यावर जास्तच मायाळू झाला होता. पेण आणि वडखळच्या मध्ये, हमरस्त्यापासून जरा आत, त्याने बैठ्या घरांची एक ओळ बांधवून घेतली, वसाहतीला ‘सागरछाया’ नाव दिलं आणि आम्हा घरवाल्यांचा एक ग्रुप केला.

आमचं घर ओळीत शेवटचं. नवरा याकूब कतारला, म्हणून घरात मी आणि माझी सासू बिल्किस. तिला सगळे मा म्हणतात. कमरेचं हाड मोडल्यापासून मा मागच्या खोलीत खाटेवर पडून होती. कूस बदलायलाही माझा हात लागायचा. जीभ तेवढी शाबूत होती आणि ती चालायची भरपूर.

उन्हाळ्यात पुंडलिकशेठने लिहिलं, ‘कमळ चिखलातूनही वरच येतं. भिंतींना कमरेइतक्या टाइल्स लावा, घराला शोभा येते.’ मी लावल्या. थोड्या दिवसांत टाइल्सच्या वरच्या कडेला पांढरी पूड फुटली. बोटाने चाखून पाहिली, तर मीठ. मृगाच्या आधी आलं, ‘मोठं व्हायचं तर नजर वर ठेवा. विजेचे बोर्ड वर घ्या, मुलंबाळं सुरक्षित राहतात.’ आमच्या घरात मुलंबाळं नव्हती, तरी मी बोर्ड वर घेतले. आषाढात फ्रीज चौथऱ्यावर चढला, कारण म्हणे हवा खेळती राहते. तांदळाचा पिंपही माळ्यावर गेला.

मा पडल्यापडल्या सगळं बघायची. एकदा म्हणाली, “गो फरझाना, तुझ्या घरातलं सामान वर वर चढत चाललंय. कुठं जायाचंय त्याला?”

मी हसले. पण त्या हसण्यात दम नव्हता. 

मधूनच भर दुपारी न्हाणीची मोरी गुडगुडायची. एकदा तर जाळीतून बोटाएवढा खेकडा बाहेर आला आणि फरशीवरून तुरुतुरु माच्या खोलीकडे निघाला. मी त्याला केरसुणीने बाहेर लोटलं. त्या दिवशी आभाळात नावालाही ढग नव्हता, म्हणून मी पुढे विचारच केला नाही. मी रोह्याची. आमचं पाणी डोंगरावरून येतं, गाजावाजा करत येतं. घाटात पाऊस कोसळला की कुंडलिका फुगते आणि पाऊस थांबला की उतरते. पाऊस नाही तर पाणी नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

पुंडलिकशेठ एकदा स्वतः आला होता, पेढे घेऊन. माच्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबला. म्हणाला, “चाचीला पुढच्या खोलीत ठेवा ना भाभी. पुढं उजेड हाय.”

“हितं वारा येतो रे बाबा, बरा हाय मला,” मा म्हणाली.

तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या खाटेखालच्या फरशीकडे बघत होता. पेढा तसाच हातात ठेवून तो निघून गेला.

श्रावणातल्या अवसेला रोह्यात माझा भाऊ कमरुद्दीन याच्या मुलीचा साखरपुडा होता. पाऊस उघडला होता, ऊन असं की डोळे दिपावेत. कामाला येणारी पुतळी म्हणाली, “जा तुम्ही, मी बसते चाचीजवळ संध्याकाळपर्यंत.” पुतळी शेजारच्या खारेपाटातल्या, खाडीला बांध घालून राखलेल्या जमिनीवरच्या गावची, शब्दाची पक्की. मी निश्चिंत मनाने एसटीत बसले.

नागोठण्याला फोन वाजला. गुलाबाचं फूल होतं. ‘ज्येष्ठांची जागा घरात नेहमी उंच असावी. आज दुपारी घरीच राहा, कुटुंबाला वेळ द्या.’ मी मनात म्हटलं, याला आज सुविचार सुचला नाही वाटतं.

मुलीच्या बोटात अंगठी गेली, तेवढ्यात पुतळीचा फोन आला. ती धावत असावी. “भाभी, आमच्या गावाला खांड गेली! घरटी माणूस बांधावर लागतंय, मला जायाच पायजे. चाचीला जेवू घातलंय. तुम्ही या लवकर.”

तिकडे हा नेमच आहे. बांध फुटून खांड पडली की हाक येते, आणि हाक आली की चुलीवरचं भांडं तसंच टाकून प्रत्येक घरातलं माणूस माती टाकायला पळतं. न गेलं तर गाव त्या घरचं पाणी पीत नाही. पुतळीवर मला राग धरता येईना. पण खांड गेली म्हणजे आमच्याकडे काय होणार, ते मला कळेना. म्हणून मी पुंडलिकशेठला फोन लावला.

“तुम्ही घरी हाव ना?” त्याने आधी हेच विचारलं.

“मी रोह्याला आहे.”

“आन् चाची?”

“मागच्या खोलीत. एकटी.”

तो हळू आवाजात म्हणाला, “भाभी, खाट किती उंच हाय?”

भावाने कुणाची तरी गाडी मिळवली आणि आम्ही निघालो. निडी गेलं, नागोठणं गेलं, सगळीकडे तेच सोन्यासारखं ऊन. वडखळला गणपतींच्या गाड्यांची रांग लागली होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मूर्ती उन्हात उभ्या होत्या आणि मी गाडीत बसून रडत होते. भाऊ पुन्हा पुन्हा आभाळाकडे बघून म्हणायचा, “पाऊस तर नाय गो. पाणी येईल कुठून?”

पाणी खाडीतून आलं होतं, अवसेच्या मोठ्या भरतीबरोबर, आवाज न करता. वसाहतीच्या वळणावर पोचलो तर घरांच्या खिडक्यांखाली सपाट, काळं, चमकणारं पाणी. हमरस्त्यावरच्या टपरीसमोर माणसांचा घोळका होता. मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत मा बसली होती, कुणाच्या तरी चादरीत गुंडाळलेली. शेजारी पुंडलिकशेठ, कमरेपर्यंत ओला. लोक म्हणत होते, देवमाणूस म्हणून धावला, खांद्यावर घालून आणलं म्हातारीला.

मी माला मिठी मारली. ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, “गो, दार फुगून बसलं होतं. त्यानं लाथ घातली आन् पाण्यातून सरळ माझ्याकडं आला. मी वरडत होते. तर म्हणतो, भिऊ नको चाची, हितंच आमच्या गावची उघडी होती. याच पाण्यात मी पवायला शिकलो.”

उघडी म्हणजे बांधातलं दार, खाडीचं पाणी आत-बाहेर जायची वाट. ती बुजवून त्याने त्यावर आमची फरशी घातली होती. मी मान वर केली. पुंडलिकशेठने ऐकलं होतं. तो सदरा पिळत राहिला, माझ्याकडे बघितलं नाही. त्याने माचा जीव वाचवला होता, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्याचा गळा धरावासाही वाटत होता.

ओहोटीला पाणी गेलं. दुसऱ्या सकाळी फूल आलं. ‘संकट येतं आणि जातं. फरशी फिनेलने पुसा, गाद्यांना ऊन द्या.’

मी त्याखाली लिहिलं, ‘उघडी कुणाच्या घराखाली होती, तेही सांगा शेठ.’

सगळ्यांनी वाचलं. कुणी अक्षर लिहिलं नाही. थोड्या वेळाने शेजारचा हिरामण दारात आला. त्याच्या गाद्या कुंपणावर निथळत होत्या. म्हणाला, “भाभी, असलं ग्रुपवर नका लिवू. उद्या आमची घरं कोण घेईल?” तो बोलत असतानाच माझा फोन वाजला. पुंडलिकशेठने मला ग्रुपमधून काढलं होतं.

त्यानंतरच्या सकाळी अजान झाली आणि फोन गप्प राहिला. ती शांतता मला सोसवेना. इतके दिवस ज्या सूचनांना मी हसत होते, त्याच आता मला हव्या होत्या. रोह्याला भावाकडे मुलीचं लग्न उरकेपर्यंत माच्या खाटेला जागा नव्हती. म्हणून मी घरामागच्या विटा गोळा केल्या आणि माच्या खाटेच्या पायांखाली एकावर एक रचू लागले.

“आजून किती वर नेतेस मला?” मा म्हणाली.

पुतळी चिखलाने भरलेल्या पायांनी दारात उभी होती. तीन दिवस बांधावर माती टाकून तिचे हात सोलले होते. तिने खाटेकडे पाहिलं, मग भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेघेकडे. खाट आता त्या रेघेच्या वर होती. मला जरा धीर आला.

“ही अवसेची रेघ हाय भाभी,” पुतळी म्हणाली. “खांड काय बुजली नाय. पुनवेला पाणी हितं थांबायचं नाय.”

विटा संपल्या होत्या. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.